राजहंस डावीकडेच का जातो

ढुंढिराज पाराशरेला कशाकशाची किळस येते, असं विचारण्यात अर्थ नव्हता. कशाची येत नाही ते विचारावं, उत्तर लवकर मिळे. घासूनपुसून ठेवलेली कानस, ग्रीसचा न उघडलेला डबा आणि बायकोच्या, अनसूयाबाईंच्या हातची ताकाची कढी. बाकी सगळं जग त्याच्या मते ओशट होतं आणि अर्धवट पुसलेलं होतं. कपाच्या कडेला ओघळ दिसला की त्याला चहा जात नसे. पंगतीत शेजारच्याने भुरका मारला की हा पान सोडून उठे. हा माणूस नाक मुरडायलाच जन्माला आला, असं नातेवाईक म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं, पण त्या नाकालाही कारण होतं.

तो जन्मला पंचवटीत, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या घरात. सकाळी डोळे उघडायच्या आत वास यायचा. ओल्या पंच्यांचा, पाण्यात विरघळणाऱ्या पिंडांचा, काठावर कुजत पडलेल्या झेंडूचा. वडिलांचा यजमानाशी बोलतानाचा आवाज तुपात घोळलेला असे आणि उंबरा ओलांडला की तोच आवाज खरखरीत होई. पोराला दोन्ही आवाज ऐकू यायचे आणि दोन्हींची शिसारी यायची. पण खरी शिसारी होती ती दोन शब्दांची. लहानू नावाचा माणूस जळणाची मोळी घेऊन दाराशी आला, की वडील ओसरीवरून न हलता म्हणत, "ठेव तिथं." मोळी खाली. त्याला द्यायचं नाणंही खाली, पायरीवर, आणि त्याने ते वाकून उचलायचं. हातातून हातात काही जायचं नाही. एकदा लहानूने चुकून हात पुढे केला, तर वडिलांनी त्या हाताकडे असं पाहिलं की तो हात आपोआप मागे गेला. ढुंढिराज तेव्हा दारामागे उभा होता. हे घर सोडायचं, हा घाट सोडायचा आणि हे दोन शब्द तर आधी सोडायचे, असं त्याने तेव्हाच ठरवलं.

सोडलंही. मुंज झालेलं पोर फिटरचं काम शिकायला गेलं म्हणून भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. वडिलांनी दोन वर्षं अबोला धरला. लोखंडाला गोत्र विचारावं लागत नाही, एवढं बोलून ढुंढिराज मोकळा झाला. पुढे तो आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाचा मास्तर झाला, आणि पोरांनी कानस उलटी धरली तरी त्याला मळमळू लागलं. घाट सुटला, पण नाक तेच राहिलं.

गंगापूर धरणावर तो पोचला पंचाहत्तरच्या सुमाराला. नाशकातल्या काही वकील, डॉक्टर, कारखानदार मंडळींनी नौकाविहार मंडळ काढलं होतं. देवळाली कॅम्पातला कुणी साहेब बदलून गेला, त्याची शिडाची जुनी होडी त्यांनी घेतली, तिचं नाव ठेवलं राजहंस, आणि मग लक्षात आलं की होडी गळते. मंडळाचे सेक्रेटरी चिंतामणराव वकील ढुंढिराजला ओळखत होते. त्यांनी त्याला रविवारी बोलावलं. फळ्यांच्या भेगा बुजवल्यावर, बसून बघा एकदा, म्हणाले. ढुंढिराज बसला. शीड भरलं, होडी एका अंगावर कलली आणि पाण्यावरून निघाली. ना धूर, ना तेल, ना कुणाचा आवाज. वारा काही चिकट नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाच्या तोंडून "वा" असा शब्द निघाला, आणि तो इतका अनोळखी होता की त्याने स्वतःच इकडेतिकडे पाहिलं.

त्या दिवसापासून रविवार धरणाचा. राजहंसची सगळी देखभाल त्याच्याकडे आली. होडीवर त्याचा जीव जडला आणि होडीत बसणाऱ्यांचा त्याला तेवढाच तिटकारा आला. मंडळींना पोहता येत नव्हतं, शीड ओढता येत नव्हतं, पांढरी टोपी घालून फोटो मात्र काढून घेता येत होता. वडे खायचे आणि तेलकट कागद फळीखाली कोंबायचा. ढुंढिराज सोमवारी वर्गात शिकवताना सुद्धा त्या कागदांच्या आठवणीने तोंड वाकडं करी.

होडी खऱ्या अर्थाने चालवायचा तो कोंडाजी बेंडकुळे. धरण झालं तेव्हा त्याच्या बापाची जमीन पाण्याखाली गेली होती. काठावर मंडळाच्या जागेत त्याला एक खोपटं बांधू दिलं होतं, तिथे तो आणि त्याची बायको चिमणाबाई राहत. मंडळी शिडाच्या दोऱ्या धरून ऐटीत बसत आणि मागे सुकाणूचा दांडा कोंडाजीच्या हातात असे. कमी बोलणारा माणूस. ढुंढिराजला त्याची किळस येत नसे. पण म्हणून तो त्याच्याशी फार गोड बोले असंही नाही.

आता नारळाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

नारळी पौर्णिमेला कोकणात दर्याला नारळ वाहतात. तो पाण्यात जातो. चिंतामणरावांची पाचसहा वर्षं मुंबईत गेलेली, त्यामुळे आपल्याही धरणावर नारळी पौर्णिमा झाली पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. पण आमच्या नाशिककरांना अख्खा नारळ पाण्यात सोडायला जड जातं, प्रसाद हवा. तेव्हा नारळ वाहायचा नाही, होडीवर फोडायचा, असं ठरलं. पौर्णिमेला एक, खंडेनवमीला हत्यारांची पूजा म्हणून एक, आणि मोठा पाहुणा आला की त्याच्या मानाचा एक. पूजा सांगायला घरचा भटजी होताच.

"मी ते सोडलंय," ढुंढिराज म्हणाला.

"अहो पाराशरे, सोडल्याने सुटतं का? रक्तातच असतं ते," चिंतामणराव हसून म्हणाले, आणि सगळे हसले.

नाही म्हणावं तर होडी हातची जाईल, ही धास्ती. म्हणून तो उभा राहू लागला, पण कसा? एरंडेल पाजल्यासारखा. मंत्र अर्धे गिळायचे, हळदकुंकू लांबून टाकायचं आणि कधी एकदा संपतं असं करायचं. ज्या ओल्या फुलांना टाकून तो पळाला, तीच फुलं इथे पुन्हा हातात आली होती. फोडायला जवळपास दगड नव्हता. धक्का म्हणजे रिकाम्या पिंपांवर ठोकलेल्या फळ्या. होडीची लाकडी बाजू नाजूक. लोखंड म्हणाल तर एकच हाताशी होतं. होडीच्या पाठीला, जिथे सुकाणू अडकवतात, तिथली वरची कडी. धक्क्यावर उभं राहून, दातओठ खाऊन, ढुंढिराज त्या कडीवर नारळ असा हाणायचा की एका घावात दोन भकलं. मंडळी टाळ्या वाजवायची. "भटजींचा हात बघा!" या टाळ्यांनी तो आणखी चिडायचा, आणि पुढचा नारळ आणखी जोरात बसायचा. हे सालोसाल चाललं.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात राजहंस डावीकडे ओढायला लागला.

ज्याने होडी पाहिली नाही त्याच्यासाठी दोन ओळी. होडीच्या पाठीला दोन लोखंडी कड्या असतात, एक वर, एक खाली. सुकाणूच्या फळीला दोन खुंट्या. खुंट्या कड्यांत बसल्या की सुकाणू दारासारखं फिरतं, आणि वरचा दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट होडी वळते. यात बिघडायला फार काही नसतं, आणि म्हणूनच बिघडलं की माणूस वेडा होतो.

ढुंढिराजने सुकाणू काढून सायकलला बांधलं आणि वर्कशॉपमध्ये नेलं. फळी सपाट पाटावर ठेवून पाहिली, वाक नव्हता. खुंट्या गुण्याला, काटकोनाच्या मापाला लावल्या, सरळ. घासल्या, तेल दिलं, परत नेलं. राजहंस डावीकडेच. मग त्याने शिडाकडे मोर्चा वळवला. डोलकाठी मागे कललेली असली की होडी वाऱ्याकडे नाक वळवते, हे त्याला ठाऊक होतं. डोलकाठीचे ताण बदलले, शीड ढिलं केलं, पोटाखालची फळी काढून घासली. एका रविवारी जरा बरं वाटलं, दुसऱ्या रविवारी ये रे माझ्या मागल्या. मग माणसांची वजनं. चिंतामणराव नेहमी डाव्या अंगाला बसत, डबा मांडीवर. ढुंढिराजने त्यांना उठवून उजवीकडे बसवलं. "पोट तिकडे न्या," हे शब्द त्याने वापरले. वकीलसाहेबांनी ते लक्षात ठेवलं. होडीने मात्र दखल घेतली नाही.

त्याला झोपेत सुद्धा तो दांडा दिसू लागला. होडीचं बूड खरवडून पाहिलं. पाठीकडे तेवढं हात लावला नाही, कारण तिथे दर पूजेच्या आधी मंडळी ऑइलपेंटचा जाड थर फासत आणि तो चकचकीत होता. त्या पेंटचीही त्याला घाण यायची. मळ न काढता वरून रंग द्यायचा, ही त्याच्या मते या गावाची जुनीच रीत होती.

ब्याऐंशीच्या नारळी पौर्णिमेला नको ते झालं. मंडळाला जागा वाढवून हवी होती, म्हणून एका बड्या पाहुण्याला बोलावलं होतं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, पाहुणे होडीत बसले. कोंडाजी दांड्यावर. मोकळ्या पाण्यात जायच्या ऐवजी राजहंस डावीकडे वळत गेला, वळतच गेला, आणि बुडालेल्या जुन्या बाभळींच्या खुंटांत शिरून चिखलात रुतला. पाहुणे उठून उभे राहिले. होडीत उभं राहायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तोल जाऊन ते कमरेएवढ्या गाळात बसले, आणि पांढऱ्या झब्ब्यावर शेवाळाची हिरवी झूल घेऊन बाहेर आले.

धक्क्यावर चहा झाला तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली होती. "पाराशरे, सुकाणू तुम्ही तपासलं होतं ना?" चिंतामणरावांनी विचारलं.

ढुंढिराजचं डोकं आधीच फिरलेलं. हातावर नारळाचं पाणी सुकून चिकटलेलं, समोर कपाला ओघळ. "सुकाणूला काही झालेलं नाही," तो फाडकन म्हणाला. "कोंडाजीचा हात नांगराचा आहे, सुकाणूचा नाही."

मंडळी खो खो हसली. दिवसभरात हसण्यासारखं तेवढंच मिळालं होतं. कोंडाजी तिथेच पाच हातांवर होडीतला गाळ उपसत होता. त्याने मान वर केली नाही. ढुंढिराज घरी गेला, हात साबणाने दोनदा धुतले आणि बोललेलं विसरला.

कमिटी विसरली नाही. आयतं बोलणं हाती आलं होतं, आणि पाहुण्याची समजूत काढायला कुणाचा तरी बळी हवाच होता.

भाद्रपदात एका संध्याकाळी कोंडाजी इंदिरानगरला ढुंढिराजच्या नव्या घरी आला. पहिल्यांदाच. हातात वानवळा, दोन काकड्या आणि एक दुधी. ढुंढिराज पडवीत बसून स्टोव्हची पिन साफ करत होता, काजळीने बोटं बरबटलेली, त्यामुळे आधीच वैतागलेला. कोंडाजीने दुधी पुढे केला. ढुंढिराज मान वर न करता म्हणाला, "ठेव तिथं."

कोंडाजीने दुधी पायरीवर ठेवला.

अनसूयाबाई चहा घेऊन बाहेर येत होत्या, त्या दारातच थबकल्या. "अगदी मामंजींसारखं बोललात," त्या हळूच म्हणाल्या. कप त्यांनी कोंडाजीच्या हातात दिला आणि दुधी उचलून आत नेला. काजळी पुसायला ढुंढिराजला चिंधी सापडेना.

"मास्तर," कोंडाजी म्हणाला, "दसऱ्यापस्तोर खोपटं खाली कराया सांगितलंय. मुंबईवरनं नवा मानूस येनार हाय."

"कोणी सांगितलं?"

"वकीलसायबांनी. म्हनले, पाराशरे मास्तरच बोलले, तुझा हात नांगराचा हाय. मंग आमी काय करनार." त्याने कप खाली ठेवला. "रानं पान्यात गेली तवा बाप बोलला व्हता, आता पानीच आपलं रान. मी त्येच धरून बसलो. आता तुमी येक सांगा. खरंच माझा हात वाईट हाय का? तुमी हाय म्हनला तर मी जातो. चिमणाला तसं सांगतो आन जातो. पर उगंच बोलला आसाल तर त्ये बी सांगा."

उगंच बोललो, हे सांगायला एक श्वास पुरला असता. पण ढुंढिराजला खरंच ठाऊक नव्हतं. होडी डावीकडे जात होती आणि सुकाणू निर्दोष होतं, मग उरला कोण? आणि तरीही त्याला त्या वाक्याची, स्वतःच्याच वाक्याची, कपाच्या ओघळापेक्षा जास्त किळस आली. ते चहाबरोबर थुंकल्यासारखं बाहेर पडलं होतं, आणि त्यावर एका माणसाचं घर मोडायला निघालं होतं.

"रविवारी बघू," तो म्हणाला.

रविवारी पाऊस भुरभुरत होता, मंडळींपैकी कुणी फिरकलं नाही. ढुंढिराजने राजहंसचं शीड काढूनच टाकलं. वल्ह्याची छोटी होडी कोंडाजीला दिली, राजहंसला दोरी बांधली आणि म्हणाला, "तू सरळ वल्हवत जा, मागे बघू नको." दांडा त्याने स्वतः धरला, बरोबर मधोमध. आता वारा नाही, शीड नाही, पोटं नाहीत, कोंडाजीचा हात नाही. दोरी ताणली आणि राजहंस निघाला. चार होड्यांइतकं अंतर गेला आणि डावीकडे वळू लागला. ढुंढिराजने दांड्यावर जोर दिला. एका बाजूला दांडा लोण्यासारखा जात होता, दुसऱ्या बाजूला घासत, अडत होता.

हे आधी का नाही केलं? कारण आधी तो सुकाणू होडीपासून काढून, दूर नेऊन, आपल्या स्वच्छ पाटावर तपासत होता. तिथे ते निर्दोषच असणार. दोष होडीवर राहिला होता.

दोघांनी मिळून होडी काठावर ओढली. ढुंढिराजने हत्यारांच्या पिशवीतून सरळ गज काढला आणि वरच्या कडीतून खाली सोडला. तो खालच्या कडीत जायला हवा होता. तो तिच्या काठावर टेकला. वरची कडी खाली आणि एका बाजूला बसली होती. म्हणजे सुकाणू इतके दिवस तिरकं लटकत होतं. त्याने पटाशी घेऊन पेंट खरवडला. लाल थर, पांढरा थर, पुन्हा लाल. पेंटखाली, कडी ज्या लोखंडी पट्टीवर होती त्या पट्टीमागचं लाकूड भिजून मऊ पडलेलं, बोल्टांची भोकं लांबट झालेली. आणि पट्टी नि लाकूड यांच्या फटीत काहीतरी ठासून बसलं होतं. त्याने ते पटाशीच्या टोकाने उपसलं. शेंडीचे तंतू. कुंकवाने माखलेले, रंगात लडबडलेले. त्यांना खवट खोबऱ्याचा वास येत होता.

आधी त्याला पेंट फासणाऱ्यांचा राग आला, मग चिंतामणरावांचा, मग नारळी पौर्णिमेचा. पण राग कुठेच टिकेना. टाळ्या त्यांनी वाजवल्या होत्या, घाव याने घातले होते. पूजेचा इतका वीट आला नसता तर नारळ इतका जोरात बसला नसता. जी घाण तो घाटावर टाकून आलो म्हणत होता, तिचा वास आता त्याच्या बोटांना येत होता, आणि पाण्यात धुतली तरी जाईना.

"काय घावलं, मास्तर?" कोंडाजीने विचारलं.

ढुंढिराजने मूठ मिटली. "हात बरोबर आहे तुझा," तो म्हणाला. "कमिटीला मी सांगतो." मूठ मात्र त्याने उघडली नाही, ती तशीच खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी तो चिंतामणरावांकडे गेला आणि सगळं सांगितलं. तंतू टेबलावर ठेवले. वकीलसाहेबांनी ते पेन्सिलीने दूर सारले.

"नारळाने होडी बिघडली? पाराशरे, भटजीच्या घरातला माणूस हे बोलतो? मंडळाला देवाचं वावडं आहे असं गावभर होईल. तुम्ही कडी दुरुस्त करा, तुमचे आभार मानू."

"आणि कोंडाजी?"

"त्याचं ठरलंय ना. पाहुण्यांना मी तसं कळवून बसलोय. आता नारळ फोडणारा भटजी चुकला असं कळवू? तुम्हाला कोण काय म्हणणार आहे? कशाला ओढवून घेता?"

खरं होतं. त्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. नारळ पाराशऱ्याने हाणावा आणि खोपटं बेंडकुळ्याचं मोडावं, हे सगळ्यांना सोयीचं होतं, आणि ते इतक्या गुळगुळीत आवाजात सांगितलं जात होतं की ढुंढिराजला वडिलांचा यजमानाशी बोलतानाचा आवाज आठवला. तो उठला. टेबलावरचे तंतू उचलून त्याने पुन्हा खिशात घातले.

खंडेनवमीला सगळं मंडळ बायकापोरांसह जमलं. झेंडूचे हार, पेढे, पांढऱ्या टोप्या. ढुंढिराज लवकर आला होता. पट्टीमागच्या मऊ लाकडात त्याने एक पातळ पाचर ठोकून कडी जागेवर आणली होती. पक्की दुरुस्ती मुद्दाम केली नव्हती. वर्गात पोरांना दाखवतात तसं आज दाखवायचं होतं.

"पूजेआधी एक फेरी," तो म्हणाला. "कोंडाजी, बस."

कोंडाजी दांड्यावर बसला. राजहंस धक्क्यावरून निघाला तो सरळ. पाण्यातल्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून तसाच परत आला, आणि धक्क्याला असा लागला की फळीवरचा पेढ्यांचा पुडा हलला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चिंतामणराव म्हणाले, "वा! दुरुस्त झाला म्हणायचा."

मग ढुंढिराजने पूजा सांगितली. त्या दिवशी त्याने एकही मंत्र गिळला नाही. हळदकुंकू बोटांनी लावलं. नारळ हातात घेतला, धक्क्यावर नेहमीच्या जागी उभा राहिला आणि नेहमीच्याच ताकदीने कडीवर हाणला. दोन भकलं झाली. "भटजींचा हात!" कुणीतरी ओरडलं. पाचर उडून पाण्यात पडली, ती फक्त ढुंढिराजने पाहिली.

"आता तुम्ही बसा दांड्यावर," तो चिंतामणरावांना म्हणाला. "तुमचा हात तर नांगराचा नाही?"

बायकापोरांसमोर नाही म्हणता येईना. वकीलसाहेब बसले. शीड भरलं, आणि राजहंस डावीकडे वळला. चिंतामणराव दांडा ढकलत होते, तो अडत होता. एक फेरा झाला, दुसरा सुरू झाला. तेलाच्या घाण्याला जुंपल्यासारखी होडी धक्क्यासमोर गोल गोल फिरायला लागली. टोपी उडाली. पोरं उड्या मारून हसू लागली, मग बायका, मग सगळेच. शेवटी कोंडाजीने वल्ह्याची होडी नेली आणि त्यांना ओढून आणलं.

होडी धक्क्याला लागल्यावर ढुंढिराजने सगळ्यांना तंतू दाखवले, कडी दाखवली. "म्हणजे नारळाचा दोष!" डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा हशा पिकला. चिंतामणरावांनी घाम पुसला. ते हसण्यात सामील झाले, दुसरं करणार काय? "बरं बाबा, राहू दे कोंडाजीला," म्हणाले. पेढे वाटायला सुरुवात झाली. दोष नारळाचा निघाला होता, त्यामुळे कुणालाच काही लागलं नव्हतं. मंडळी डबे उघडायला वळली. पाठोपाठ तेच तेलकट कागद सुटू लागले.

"थांबा," ढुंढिराज ओरडला. "नारळाला हात नसतात. तो मी हाणला होता. वर्षानुवर्षं मीच हाणला, आणि बोल लावला याला. याच जागेवर, तुमच्या सगळ्यांदेखत. नांगराचा हात माझा आहे. कोंडाजीचा हात या धरणावर सगळ्यात चांगला आहे."

"अहो पाराशरे, एवढं काय मनाला लावून घेता," कुणीतरी म्हणालं, आणि डबे उघडले गेले.

कोंडाजी धक्क्याच्या टोकाला वाकून कडीचे बोल्ट सोडवत होता. नोकरी राहिली होती, खोपटं राहिलं होतं. ढुंढिराजने नारळाचं चांगलं, पांढरंस्वच्छ भकल निवडलं, त्याचा मोठा तुकडा काढला आणि त्याच्याजवळ गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला स्वतःच्या हाताने प्रसाद द्यायला निघाला होता. त्याने हात पुढे केला, तुकडा तळहातावर.

कोंडाजीने त्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा बोल्टाकडे.

"ठिवा तिथं, मास्तर," तो म्हणाला.

ढुंढिराज वाकला आणि त्याने खोबरं फळीवर ठेवलं.